परतीचा इशारा

१

जेवणं उरकली की दोन ते चार सगळं शिबिर झोपायचं. झोप येवो न येवो, एकेचाळीस पोरांनी पलंगावर पडून राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हा नियम जुन्या राजवटीतला. राजवट गेली, गळ्यातले लाल रुमाल गेले, फाटकाजवळचा पुतळासुद्धा कुणीतरी भंगारात घातला. दुपारची झोप मात्र कुणाला हटवता आली नाही. इसिक-कुल सरोवरावरचा वाराही त्या दोन तासांत पडलेला असायचा. तेरेकच्या झाडांचं पान हलायचं नाही.

इशेनआलीला ही वेळ आवडायची. आवडायची म्हणजे काय, दिवसभरात तेवढ्याच वेळेला त्याला 'आगाय, आगाय' म्हणून कुणी हाका मारत नसे. आगाय म्हणजे गुरुजी. चौसष्टीच्या या माणसाला शिबिरात दुसरं नावच उरलं नव्हतं. चाळीस उन्हाळे त्याने पोरांना मोर्स शिकवण्यात घालवले होते, आणि खरं सांगायचं तर आता त्याला वीट आला होता. गुडघे बोलत होते, कान शिणले होते. यंदाचं शेवटचं, असं तो गेली सहा वर्षं म्हणत होता.

त्याची रेडिओची खोली इमारतीच्या पार टोकाला. खिडकीला तोंड करून टेबल, टेबलावर मोठा रिसीव्हर, मोर्सची कळ आणि चहाची किटली. पाठीमागे जाळीचं दार, आणि दाराशेजारच्या फळीवर ओळीने बारा हातरिसीव्हर, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने घातलेला आकडा. हे घेऊन पोरं कोल्ह्याचा खेळ खेळायची. रानात कुठेतरी एक छोटा ट्रान्समीटर लपवायचा, तो कोल्हा. पोरांनी हेडफोन चढवून, रिसीव्हर फिरवत फिरवत, आवाज कुठून जोरात येतो ते बघत त्याला हुडकायचं. पहिल्याच दिवशी तो पोरांना बजावायचा, "याला कान आहेत, तोंड नाही. हा फक्त ऐकतो. यात ओरडून काही उपयोग नाही."

यंदा मात्र शिबिराच्या मुख्य बाईंनी, गुलसूनने, काहीतरी नवीन मागितलं होतं.

"आगाय, कोल्हे-बिल्हे पुरे झाले. वरचे लोक विचारतात प्रयोग काय केला. कागदावर काही दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी या खोलीत टेबल-टेनिस येतंय बघा."

"येऊ दे की. चेंडूला निदान मोर्स शिकवावं लागत नाही."

"तुम्ही ना!" गुलसून म्हणाली आणि त्याच्या किटलीतला चहा स्वतःच ओतून घेतला. ती त्याचीच जुनी विद्यार्थिनी. बाकी सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे. तोच एकटा तिला नावाने हाक मारायचा.

तर प्रयोग ठरला तो असा. पोरांनी हाताने एक चिमुकला ट्रान्समीटर बांधायचा. रोज दुपारी ठीक अडीचला सरोवरापलीकडच्या शिबिराला त्यावरून संदेश द्यायचा. पलीकडे इग्नातिच म्हणून इशेनआलीचा जुना दोस्त बसायचा. तो एक ते नऊमधला एक आकडा परत पाठवणार: नऊ म्हणजे खणखणीत ऐकू आलं, एक म्हणजे नुसती कुजबुज. आणि रोज आपण आपली ताकद निम्मी करायची. एक वॅट, अर्धा, पाव, असं. किती कमी जोरात बोललं तरी माणसाला माणूस ऐकू येतो, ते बघायचं.

कळीवर बसायला त्याने बेगायमला निवडलं. नारीनहून आलेली बारा वर्षांची पोरगी, अंगाने काडी, पण हात असा की कोंबडीने दाणे टिपावेत. टकटकटक. मधे कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही. शिवाय तिला दुपारी झोप येत नसे, आणि पलंगावर पडून ती बाकीच्यांनाही झोपू देत नसे.

२

पहिला दिवस, एक वॅट. बेगायमने संदेश दिला. मिनिटभराने इग्नातिचचा जाडाभरडा हात ऐकू आला: सात.

"सात!" बेगायम हेडफोनखालून ओरडली.

"हळू, भवाने. लोक झोपलेत."

तिने वहीत सात लिहिला, वेळ लिहिली, आणि तिथेच तिची पेन्सिल थांबली.

"आगाय, आणखी कुणीतरी आहे."

इशेनआलीने दुसरा हेडफोन कानाला लावला. खरखरीच्या तळाशी, अगदी तळाशी, कुणीतरी एकच आकडा देत होतं. तीन. थोडा वेळ गेला. पुन्हा तीन. ना नाव, ना गाव, ना स्टेशनची खूण. आकाशवाटेने बोलणारा माणूस आधी आपली खूण देतो. ते न देणं म्हणजे कुणाच्या घरात न खोकता शिरणं.

"असेल कुणी नवशिका," तो म्हणाला. "लिही. खूण नाही, तीन."

"आपल्याला भेटलेला दुसरा माणूस!" बेगायमने मोठ्या कौतुकाने लिहिलं. तो चहा प्यायला. चहा गार झाला होता.

३

दुसऱ्या दिवशी अर्धा वॅट. इग्नातिचने सहा दिला. बरोबर, ताकद कमी केली की आकडा उतरणारच. बिनखुणेच्याने चार दिला.

तिसऱ्या दिवशी पाव. इग्नातिच पाच. बिनखुणेचा पाच.

बेगायमने वहीत दोन रकाने पाडले होते. एक आकडा खाली येत होता, दुसरा वर चढत होता. तिने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, त्या तिसऱ्या दिवशी एकमेकींना छेदून गेल्या.

"हे उलटं कसं, आगाय?"

"हवामान. वरचे थर हलतात. सूर्यावर काही झालं की इकडे असं होतं." पोरांनी अडचणीचं काही विचारलं की तो सूर्यावर ढकलायचा. सूर्य काही तक्रार करत नाही.

संध्याकाळी त्याने इग्नातिचला फोन लावला.

"काय रे म्हाताऱ्या, तुमच्या बाजूला कोण पोरगं मधे तोंड घालतंय? आकडे देतंय नुसतं."

"कधी?"

"रोज. तुझ्या मागोमाग."

इग्नातिचच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"इशेन, मी तासभर कान लावून बसतो. तुझ्याशिवाय कुणी नसतं. तुझ्या कानाचं मेण काढून घे एकदा."

"तुझ्या डोक्यातलं काढ आधी," इशेनआली म्हणाला, आणि दोघे हसले. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. कान शिणलेत हे तर खरंच. पण मग पोरीचे? तिचे तर नवेकोरे होते.

४

चौथ्या दिवशी वॅटचा आठवा हिस्सा. इग्नातिचने कसाबसा तीन दिला. त्यानंतर बिनखुणेच्याचा सहा आला, आता खरखरीच्या तळाशी नाही, चांगला वर.

"आगाय," बेगायम एकदम म्हणाली, "तो जवळ येतोय."

"काय?"

"आपण बारीक बोलतोय आणि त्याला जास्त ऐकू येतंय. मग तो जवळच आला असणार ना? आपण कोल्ह्याच्या जवळ जातो तेव्हा असंच होतं. कोल्हा तेवढाच बोलतो, आपण जवळ जातो."

यात चूक कुठे होती? कुठेच नाही. हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

पण त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला तो त्यामुळे नाही. आज आवाज मोठा होता म्हणून त्याला त्या माणसाचा हात पहिल्यांदा नीट ऐकू आला. मोर्स देणाऱ्याचा हात म्हणजे त्याची चाल. पडद्याआडून ओळखू येते. हा हात शेवटच्या ठोक्याआधी अडखळायचा. दर आकड्याला. चार ठोके सरळ, मग एक बारीकशी ठेच, मग पाचवा. जिन्याची शेवटची पायरी अंधारात पाय चाचपून बघावा तसा.

ही ठेच काढण्यासाठी इशेनआलीने एका पोराच्या बोटांवर पट्टी मारली होती. दोनदा. सुयून त्याचं नाव. त्याला पंचवीस वर्षं झाली.

"आजचं पुरे," तो बेगायमला म्हणाला. "जा, पड जाऊन."

"अजून तीनही वाजले नाहीत."

"जा म्हटलं ना!"

पोरगी ओठ काढून गेली. तो खुर्चीवर बसून राहिला, हात मांडीत घेऊन. थकवा कसा असतो ते त्याला ठाऊक होतं, तो रोजचाच होता. हे निराळं होतं. पंचवीस वर्षं खाली न ठेवलेलं ओझं आज पुन्हा हाताला लागलं होतं.

५

पाचव्या दिवशी सोळावा हिस्सा. इग्नातिचकडून काही नाही. नुसती खरखर. बेगायमने त्याच्या रकान्यात फुली मारली आणि दुसऱ्या रकान्याशी पेन्सिल धरून बसली. फार वेळ लागला नाही. सात.

तिने लिहिलं. मग हेडफोन गळ्यात उतरवून विचारलं, "आगाय, तुम्ही त्याला ओळखता का?"

"का गं?"

"काल तुमचं तोंड असं झालं होतं. माझ्या आजोबांचं होतं तसं, घोडा हरवला होता तेव्हा."

खोटं बोलायचं तर त्यालाही जोर लागतो. तो नव्हता. त्याने सांगून टाकलं.

"त्या उन्हाळ्यात कशाचाच पत्ता नव्हता. पगार नाही, साखर नाही, बॅटऱ्या तर औषधालाही नाहीत. तरी कोल्ह्याचा खेळ ठेवला. वरच्या घळीत. पोरं होती तेरा आणि रिसीव्हर बारा. सुयून म्हणाला, मला नको, माझा माझ्याकडे आहे. त्याने घरी बनवलेला, आटवलेल्या दुधाच्या डब्यात. निळा-पांढरा कागदसुद्धा काढला नव्हता. पण चालायचा चांगला."

"मग?"

"खेळ संपत आला की परतीचा इशारा लावतात, ठाऊक आहे ना तुला? दोन लांब, तीन लांब. त्याचा माग धरून सगळे परत येतात. मी तो लावून मुक्कामावर बसलो. धुकं उतरलं होतं. पोरं एकेक करून येत होती, रिसीव्हर माझ्यापुढे ठेवून पळत होती जेवायला. बाराही आले. मी दोनदा मोजले. बॅटरी एकच शिल्लक होती, दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. मी इशारा बंद केला."

बेगायमने फळीवरच्या रिसीव्हरांकडे बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही पोरं नाही मोजलीत."

"नाही."

"डबे मोजलेत."

"हो गं बाई, हो. यादीवर बाराच होते ना. त्याचा यादीवर नव्हता."

नऊ दिवस मेंढपाळ घळ पालथी घालत होते. बूट नाही, टोपी नाही, काही नाही. सुयूनची आई त्यानंतर दर जुलैत यायची, कणकेचे बोरसोक तळून आणायची, पोरांना वाटायची आणि इशेनआलीला एका शब्दाने बोलायची नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा वर्षांमागे ती वारली. यंदाचं शेवटचं, असं तो तेव्हापासूनच म्हणायला लागला होता, आणि का म्हणतो ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे त्याच्या कानात आवाज येत होता," बेगायम म्हणाली, "आणि तो मधेच बंद झाला."

"बास आता."

"आणि आता आपण रोज देतोय, आणि रोज बंद करतोय."

"बेगायम!"

तिने वही मिटली. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ती रडणाऱ्यातली पोरगी नव्हती. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "त्याच्याकडे फक्त रिसीव्हर होता ना? मग तो आपल्याशी बोलतो कशाने?"

याचं उत्तर सूर्यावर ढकलता आलं नाही.

६

सहाव्या दिवशी त्याने ठरवूनच टाकलं होतं. प्रयोग आवरायचा. अहवालाचं गुलसूनला काय वाटेल ते वाटो, खोलीत टेबल-टेनिस आणो नाहीतर म्हशी बांधो. अडीच वाजले तेव्हा त्याने ट्रान्समीटरची बॅटरी काढून टेबलावर आडवी ठेवली.

"आज काही द्यायचं नाही. फक्त ऐकायचं. ऐकू आलं नाही की वही बंद."

बेगायमने मान हलवली. दोघे हेडफोन लावून बसले. बाहेर ऊन रखरखत होतं. मधल्या दालनात कुणीतरी झोपेत कूस बदलली, लोखंडी पलंग करकरला, पुन्हा शांत. एरियलची तार दोन तेरेकांच्या मधे ताणलेली दिसत होती. तिच्यावर एकही पाखरू नव्हतं.

पाच मिनिटं झाली. इशेनआलीने सुस्कारा सोडला. सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

आणि मग आकडा आला. इतका मोठा की त्याने हेडफोन कानावेगळा केला. तीन लांब, एक तोकडा, ती ठेच, आणि शेवटचा. आठ.

"आपण तर काहीच देत नाही," बेगायम कुजबुजली. "कशाला आठ म्हणतोय तो? काय ऐकू येतंय त्याला?"

टेबलावर बॅटरी आडवी पडलेली होती. खोलीत त्या दोघांचा श्वास सोडला तर आवाज नव्हता.

"हेडफोन काढ," तो म्हणाला.

"आगाय, त्याला रस्ता सापडत नसेल. मी जाऊन..."

"हेडफोन काढ आणि पलंगावर जाऊन पड. चादर तोंडावर घे. चार वाजेपर्यंत उठायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

खुर्ची सरकली. मागे फळीपाशी काहीतरी खुट्ट वाजलं. टोपी घेत असेल. जाळीचं दार करकरलं. त्याने वळून बघितलं नाही. वळून बघायला मान लागते, आणि त्याची मान त्या वेळी दगडाची झाली होती.

मग त्याने बॅटरी जागेवर बसवली. पंचवीस वर्षांपूर्वी जे अर्ध्यात सोडलं, ते पुरं करण्यावाचून दुसरं काय होतं त्याच्या हातात? त्याने कळ धरली आणि परतीचा इशारा द्यायला सुरुवात केली. दोन लांब, तीन लांब. ये बाबा. दोन लांब, तीन लांब. इकडे ये.

किती वेळ गेला ते घड्याळाला माहीत. मनगट भरून आलं. मग हेडफोनमध्ये नऊचा आकडा आला, कानठळ्या बसवणारा, आणि त्याच क्षणी बाहेरच्या व्हरांड्यात फळी वाजली.

जाळीचं दार करकरलं.

ओल्या लोकरीचा वास आला. जुलैत, दुपारी तीनला, ओल्या लोकरीचा. पावलं अनवाणी होती आणि चिकटत सुटत येत होती. समोर खिडकीच्या काचेत मागची खोली दिसत होती: फळी, दार, आणि दारापाशी हनुवटीपर्यंत ओढलेला एक जाड स्वेटर, वर कानांवर हेडफोनच्या दोन काळ्या वाट्या. त्यांच्या मधे तोंड असणार होतं. ते दिसायच्या आत इशेनआलीने डोळे घट्ट मिटले. हात मात्र थांबवला नाही. दोन लांब, तीन लांब.

फळीवर पत्रा टेकल्याचा आवाज झाला. रिसीव्हर ठेवला, आता जेवायला पळायचं. पावलं फिरली. दार करकरलं.

७

डोळे उघडले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. वाससुद्धा नव्हता. तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग खुर्चीतूनच मान वळवून, जुन्या खोडीने, त्याने फळीवरचे रिसीव्हर मोजले. चष्मा टेबलावर होता. नुसत्या आकारांवर बोट फिरवत त्याने मोजलं. बारा. पुन्हा मोजले. बारा.

सगळे आले.

त्याने इशारा बंद केला. किटली चढवली, जर्दाळूचा मुरंबा काढला, दोन चमचे चहात घातले आणि पूर्ण कप गरम असताना प्यायला. असा चहा तो कैक वर्षांत प्यायला नव्हता. वहीत शेवटच्या रकान्यात नऊ लिहिला. अहवाल कसा लिहायचा याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

चारची घंटा झाली. पोरांचा कल्ला उठला. थोड्या वेळाने गुलसून दारात आली, कपाळाला आठ्या.

"आगाय, बेगायम तुमच्याकडेच आहे ना?"

"नाही बा. मी तर तिला कधीच झोपायला पाठवलं."

"पलंगावरची चादर विस्कटलेलीसुद्धा नाही. पोरी म्हणतात, ती आलीच नाही."

इशेनआलीने चष्मा उचलला. काडी कानामागे बसेना. मग त्याने फळीकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्या जागी आटवलेल्या दुधाचा डबा होता. निळा-पांढरा कागद गंजाने खाल्लेला, आणि त्यातून फळीवर पाणी गळत होतं.

गुलसूनही तिकडेच बघत होती. तिने तोंडावर हात दाबला. त्या उन्हाळ्यात घळीतून परत आलेल्या बारा पोरांतली ती एक होती; तो डबा तिने सुयूनच्या हातात पाहिला होता.

"सात नंबर तिने नेला," इशेनआली म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "त्याला आणायला गेली. परतायला तिला माझाच इशारा होता, आणि मी... गुलसून, मी पुन्हा बंद केला गं. पुन्हा डबेच मोजले."

ती धावत बाहेर गेली आणि अंगणातून तिचा ओरडा ऐकू आला, स्वयंपाक्याला, ड्रायव्हरला, शेजारच्या मेंढपाळांना: घळीकडे, सगळे घळीकडे.

त्याने कळ धरली. दोन लांब, तीन लांब.

सहा वाजता माणसं परतली, हात हलवत. पुन्हा गेली. सरोवरावर ऊन अजून स्वच्छ होतं आणि वरच्या घळीत मात्र पांढरं धुकं उतरलं होतं. गुलसून खोलीत आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. त्याचं मनगट सुजून लाल झालं होतं.

"थोडा वेळ मी देते."

"नको. हिची बॅटरी उतरत आलीय. गाडीची काढून आण. तुझ्या गाडीची, ड्रायव्हरची, दुकानदाराची, दिसेल त्या गाडीची आण. हा आता बंद होणार नाही."

"आगाय..." ती थांबली. तिनेही ते ऐकलं होतं, टेबलावर पडलेल्या दुसऱ्या हेडफोनमधून. तिने तो कानाला लावला.

खरखरीच्या तळाशी, अगदी तळाशी, एक हात आकडा देत होता. कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही. कोंबडीने दाणे टिपावेत तसा. पुन्हा एकदा. मग पुन्हा.

"तीन," गुलसून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "पण सात नंबरला तोंड कुठे आहे? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला... ती बोलते कशाने?"

"ऐकू येतंय म्हणते," इशेनआली म्हणाला. "लांब आहे, पण ऐकू येतंय. जा, बॅटरी आण."

गुलसून गेली. उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली तेव्हा त्याने कळ टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली आणि डाव्या हाताने इशारा देऊ लागला.